बिनमाणसाच्या बोटीतला माणूस

कुणी हाक मारो न मारो, मामा 'ओ' द्यायचे. कुणी हात वर केला, ओ. कुणी त्यांच्याकडे वळून पाहिलं, ओ. एकदा आमच्यातल्या एकाने तोंड उघडून मोठी जांभई दिली, तर मामा लांबूनच "ओ, आलो आलो" करत धावत आले. आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले.

आमची छोटीशी कंपनी माणसाविना चालणारी बोट तयार करत होती. तिच्या चाचण्या भाटघर धरणाच्या पाण्यात चालायच्या. इथे जमलं की हीच यंत्रणा मोठ्या जहाजांवर बसवायची, असा बेत होता. परवानगी देताना एक अट घातलेली होती. बोट आपली आपण चालली तरी चाचणी संपेपर्यंत तिच्यात एक अनुभवी माणूस बसलेला हवा, नीट पाहणारा आणि नीट ऐकणारा. तो माणूस म्हणजे मामा. राहायचे उत्रोलीत. भातखाचरांच्या गावातून उठून या गृहस्थाने उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढली होती.

बोटीत मागच्या बाजूला त्यांची बैठक होती आणि गळ्यात एक लाल बटण. समोर काही आडवं आलं आणि बोट वळली नाही, तर ते दाबायचं. मी काठावर लॅपटॉप घेऊन बसायची. बोटीत चढताना मामा चपला काठावर काढून ठेवत, देवळात जावं तसे.

"म्याडम, जिमिनीवर काय, कुनीबी बसतंय," ते म्हणायचे. "मानसानं पान्यावर आसावं."

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यासमोर अगदी तोंडाकडे बघत बसायचे आणि प्रश्न विचारायचे. "बिनमानसाच्या जहाजाला बुडनारा मानूस दिसला, तर त्ये काय करनार?"

"कॅमेरा बघेल. किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला कळवेल."

"आन त्यो च्या प्यायला गेला आसला तर?"

अशा जहाजांचे नियम जगभर अजून घडतच आहेत. मी तसं सांगितलं की मामा खूश व्हायचे. "म्हंजे आजून काय दिस मी हाय," म्हणायचे आणि भाकरी मोडायचे.

एका दुपारी बोट पलीकडच्या काठाला निघाली होती. तिकडे एक बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून म्हशी धूत होती. बोट सरळ तिच्यावर चाललेली. "ओ बाबा, थांबवा की!" ती ओरडली. मला अलीकडच्या काठावर स्वच्छ ऐकू आलं. मामा दुसरीकडे बघत होते. मी उठून ओरडले, दोन्ही हात हलवले. मामांनी मला पाहिलं, हसून हात हलवला आणि म्हणाले, "ओ!"

बोट आपली आपण थांबली. म्हशीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, एवढंच.

काठावर आल्यावर मामांनी सबब सांगितली नाही. "म्याडम, मला ऐकू येत न्हाई. इंजनानं कान खाल्ले. जहाजावनं त्येच्यापायीच उतरवलं. म्हून मी आदीच ओ देऊन ठेवतो."

"घरी माहीत आहे?"

"हिला हाय ठावं. ती हाक मारतच न्हाई. येती आन खांद्याला हात लावती."

त्यांना त्या जागेवरून उठवणं माझ्याने झालं नसतं, आणि बसू देणंही शक्य नव्हतं. तेवढ्यात ते स्वतःच आमच्या कंपनीच्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "ऐकनारा मानूस पायजे ना? मग मी चालायचो न्हाई." गळ्यातलं बटण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

गंमत बघा, ती दुपार बोटीच्या मात्र पथ्यावर पडली. माणूस चुकला तिथे यंत्र थांबलं, म्हणून साहेब खूश. पुढे आणखी पुष्कळ चाचण्या झाल्या आणि रिकामी बोट चालवायची परवानगी मिळाली. आता अटीतून माणूसच गेला.

पहिल्या दिवशी मामा मुद्दाम बघायला आले. बोट निघाली ती नाक वर करून, वाकडी. मागचं वजन गेलं होतं. आमची सगळी गणितं मामांना धरून केलेली! साहेब म्हणाले, त्या जागी तेवढंच वजन ठेवा.

कुणी काही सांगायच्या आत मामांनी खताची रिकामी पोती आणली, माती भरली, तोंडं शिवली आणि चपला काढून बोटीत चढले. आपल्या जागेवर पोती नीट रचली, हलवून पाहिली. मग उतरून बोट पाण्यात ढकलली. या खेपेला ती सरळ गेली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामा बोटीकडे बघत म्हणाले, "त्या पोत्याला बी ऐकू येत न्हाई, म्याडम. पन त्येला कोन इचारतंय?"