खांबाजवळची मुलगी

दुकानातून बाहेर आले की फोटोवाले काकाजी आधी उजवा तळहात पुढं करायचे. नवखा माणूस लगेच आभाळाकडं बघायचा, पाऊस आला की काय म्हणून. पाऊसबिऊस काही नसायचा. हातावर उजेड कसा पडतो ते बघत असायचे. मग माझ्याकडं वळून म्हणायचे, "पहिले उजेड, बाई. मंग माणूस."

साकोलीत हमरस्त्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागून माझं शिलाईचं दुकान. मधे नुसती फळ्यांची भिंत. ही शहात्तर-सत्त्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. तुम्ही तेव्हा लग्नाच्या वयाचे असाल, तर तुमचाही एक 'दाखवायचा फोटो' कुठंतरी निघाला असेल. मान किंचित कलती, हातात प्लास्टिकचं फूल आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्याचा भाव. असे फोटो काढूनच त्यांचं पोट चालायचं, पण त्यात त्यांचा जीव नव्हता. जीव होता रेल्वेच्या पडक्या बंगल्यात.

हा बंगला सौंदडच्या बाजूला, छोट्या लाईनीच्या कडेला. साहेब लोक लाईन तपासायला येत, तेव्हा त्यांना उतरायला म्हणून बांधलेला. पुढं साहेब यायचे बंद झाले, चौकीदारही गेला, बंगला तसाच राहिला. समोरून थाट राजाचा. चार गोल खांब, रुंद पायऱ्या, कमानींचा व्हरांडा. मागं गेलात तर डोक्यावर छप्परच नाही. कौलं, दारं, सागवानी चौकटी लोकांनी कधीच उचलून नेल्या होत्या. मोठ्या खोलीत पिंपळ वाढला होता आणि न्हाणीघरात वटवाघळं नांदत होती.

सुटीचा दिवस आला की काकाजी सायकल काढून तिकडं. एकदा मलाही दाखवायला नेलं. नव्या सुनेला घर दाखवावं तसं त्यांनी मला ते पडकं घर दाखवलं. साहेबाची टोपी अडकवायची खुंटी, छताचा पंखा बाहेर बसून ओढायच्या दोरीचं भिंतीतलं भोक, सगळं हात लावून. मी आपली पायाखाली साप बघत चालले होते. रिकाम्या भिंतींचे ते इतके फोटो काढायचे की त्यांची बायको वैतागायची. लोक धान विकून लुगडी आणतात, आमच्या घरात रोल येतात, असं ती मला भिंतीपलीकडून ऐकवायची.

मग त्यांच्या डोक्यात आलं की मुलींचे फोटो तिथंच काढावेत. उजेड फुकट, मागं खांब, आणि प्लास्टिकच्या फुलाची गरज नाही. फोटोवाल्याबरोबर एकट्या मुलीला कुठला बाप पाठवेल? म्हणून पदराला पिना लावायला मी बरोबर जायची. फोटो खरंच देखणे यायचे. आईबाप खूश, काकाजी खूश, माझ्या ब्लाउजांना गिऱ्हाईक वाढलं म्हणून मीही खूश.

त्यातच ती मुलगी आली. जवळच्याच एका खेड्यातली, बापाची थोडी धानाची शेती. सावळी, लांबट चेहऱ्याची, हसू आलं की ओठ दाबून धरणारी. मी तिला माझी मोरपंखी साडी नेसवली आणि एका खांबाजवळ उभी केली. त्या दिवशी उजेड काही वेगळाच पडला होता आणि काकाजींचं भान हरपलं होतं. एक पायरी सुटते म्हणून मागं सरकले, कमान कापली जाते म्हणून आणखी मागं. होता होता लाईनीच्या गिट्टीवर जाऊन उभे राहिले. एवढ्या लांबून मी दिसते का, असं तिनं मला हळूच विचारलं. कॅमेऱ्याला सगळं दिसतं, असं मी ठोकून दिलं.

मध्यस्थानं तो फोटो परस्पर गोंदियाच्या एका स्थळाला पाठवला. मुलाच्या वडिलांची तिथं तांदळाची दलाली. त्यांचा उलट टपाली निरोप आला की मुलगी पसंत आहे, बघायला येतो. पाचसहा माणसं आली. त्यांनी बसमधून उतरल्या उतरल्या मुलीच्या बापाचं नाव घेऊन त्यांचा खांबांचा बंगला कुठं आहे म्हणून विचारलं. लोकांनी त्यांना मुलीच्या मातीच्या दोनखणी घराशी आणून सोडलं. मुलाचे वडील अंगणात उभे राहून एकदा फोटो बघत, एकदा घर. बंगला भाड्यानं दिला आहे का, असंही त्यांनी विचारून पाहिलं. मुलीच्या बापाला काही उमगेना. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, मुलीला बाहेर बोलावलंसुद्धा नाही, आणि आम्हाला फसवलं म्हणत निघून गेले. गावानं मुलीचं नाव ठेवलं 'बंगलेवाली'. पुढची दोन स्थळं त्या नावानंच परतली.

एका सकाळी तिचा बाप स्टुडिओत आला. आता भांडण होणार म्हणून मी मशीन थांबवलं. तो स्टुलाच्या कडेवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "फोटू चांगलाच होता जी. आमचं घरच त्या फोटूजोगतं नाही."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काकाजींचा चेहरा उतरला तो उतरलाच. तो गेल्यावर सायकल घेऊन निघाले, बंगल्याच्या मागच्या बाजूचे फोटो काढून आणले. पडलेल्या भिंती, पिंपळ, शेळ्यांच्या लेंड्या. दुसऱ्या दिवशी ते फोटो घेऊन गोंदियाला गेले. चूक माझी आहे, बंगला रेल्वेचा आहे, मुलीकडच्यांनी काही लपवलं नाही, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. मुलाच्या वडिलांनी चहा पाजला आणि सांगितलं की मुलाचं दुसरीकडं ठरलं.

मग मला बरोबर घेऊन ते मुलीच्या घरी माफी मागायला गेले. ती अंगणात धान पाखडत होती. काकाजींनी गोंदियाची सगळी हकिकत सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं.

"बंगला आमचा नाही, हे तुम्ही त्यायले सांगतलं. मी कशी हाव, हे कोणी इचारलं का?"

तिनं तो फोटो दाखवायला सांगितला. तेव्हा आम्हाला कळलं, ज्या फोटोपायी तिचं नाव गावभर झालं तो तिनं बघितलेलाच नव्हता. काकाजींनी खिशातून प्रत काढून दिली. ती बराच वेळ त्यात शोधत राहिली. मग खांबाच्या बुडाशी बोट टेकवलं. बोटाखाली ती सगळी झाकली गेली.

"हे मी का?" तिनं विचारलं.

परतताना बसमध्ये मला माझी थाप आठवत होती, मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर त्यांनी बंगल्याची वाट सोडली. फोटो मात्र असे काढू लागले की विचारू नका. कॅमेरा थेट नाकाशी. अंबाडा कापला जायचा, कानातले कापले जायचे, एवढी पैठणी नेसून आलेल्या बाईची पैठणी गळ्यापाशीच संपायची. लोक कुरकुरत दुसऱ्या स्टुडिओत गेले. मी म्हटलं, अहो, थोडं मागं सरका. तर म्हणायचे, "नाही जी. आता मांगं नाही सरकत." हे मात्र ते हसून म्हणत नसत.

मुलीचं लग्न दोन वर्षांनी पवनीकडच्या शेतकऱ्याशी झालं. त्यानं फोटो मागितला नाही, स्वतः येऊन बघून गेला. आमंत्रण काकाजींनाही होतं. ते गेले नाहीत.

पुढं ऐंशीनंतर काकाजी आपल्या मुलाकडं नागपूरला राहायला गेले आणि तिथंच वारले. मला महिन्यानं कळलं. तेव्हा मला ते नागपूरला जायच्या आधीची एक दुपार आठवली, ती तुम्हाला सांगते आणि थांबते.

ती मुलगी माहेरी आली होती, कडेवर वर्षाचं मूल. तिला रस्त्यावरून येताना बघून काकाजी माझ्या दुकानात शिरले, घरी नाही म्हणून सांगा म्हणाले आणि कापडाच्या गठ्ठ्यांमागं जाऊन बसले. मी तसं सांगितलं. ती माझ्या बाकड्यावर बसून राहिली. लेकराचा फोटो काकाजींच्याच हातचा पाहिजे म्हणाली. मनात काही नाही, असंही म्हणाली, आणि ते मुद्दाम मोठ्यानं म्हणाली असं मला वाटलं. बसची वेळ झाली तशी उठून गेली.

काकाजी बाहेर आले. मी चिडलेच होते. तिनं माफ केलं तरी तुम्ही कसले लपता, म्हटलं. ते बाकड्यावर टेकले.

"लेकरू कोणावर गेलं जी?"

"तिच्यावर. तोच चेहरा."

ते मान खाली घालून बसले.

"मले तो चेहरा आठवूनच नाही राहिला, बाई. मी तिले नीट पाहिलंच नाही. त्या खांबावरची भेग पाहा, अजून डोळ्यापुढं हाय."

मग ते उठले आणि रिकाम्या बसस्टँडच्या दिशेनं बघत दारात उभे राहिले.