दरीवरून जाताना

मुलाच्या या परक्या शहरातली भुयारी रेल्वे वाटेत एकदाच उजेडात येते. तिथे एका खोल दरीवर पूल आहे. माझ्या बायकोला, सुमनला, दवाखान्यात नेताना आम्ही तो ओलांडतो, आणि ती खिडकीला नाक लावून खाली दाटलेली झाडं बघत राहते. पुलामुळे दोन काठ जोडले जातात म्हणतात. मला मात्र त्यावरून दरी किती खोल आहे, एवढंच कळतं.

आज डॉक्टरांनी उपचार थांबवले. विमानाचा प्रवासही तिला झेपणार नाही, म्हणाले. ते इंग्रजीत बोलले, आणि मी तिला त्यातलं काहीच सांगितलं नाही. परतताना गाडी पुलावर आली.

"अगदी आपल्या आंबोलीसारखं आहे हो," सुमन म्हणाली. "मला जरा बरं वाटलं की घरी जाऊ या."

"जाऊ की! नक्की जाऊ."

तिनं माझा हात हातात घेऊन हलकेच थोपटला.

"खोटं बोलताना तुमचा आवाज नेहमीच मोठा होतो," ती म्हणाली, आणि गाडी पुन्हा भुयारात शिरली.