आत्यानं काय मागितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — ते गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसले होते, तरी जीभ रेटली नाही. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच कदाचित सांगता येतंय.

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. दोघींचं माहेर एकच, आंबी. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत मला सासुरवास असा कधी झालाच नाही. माझी वेणीसुद्धा तीच घालायची. पण माझी कूस उजवत नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत तीच आत्या आपल्या लेकासाठी दुसरी मुलगी बघायला लागली. रडत रडत बघत होती, पण बघत होतीच. तिकोणा पेठ गावची एक मुलगी पसंतही पडली होती.

आत्याला साखरेचा आजार होता. रोजची सुई टोचायला डॉक्टरांनी मला शिकवलं होतं. सुईनंतर पोटात अन्न गेलंच पाहिजे, म्हणाले. घाम फुटला, हात कापायला लागले, माणूस बरळायला लागलं, तर थांबायचं नाही — लगेच तोंडात साखर नाहीतर गूळ घालायचा. घरात हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

नवरात्रातल्या शुक्रवारी सुई दिली आणि पुरणाला उशीर झाला. नैवेद्याआधी आत्या घास घेईना. देवीच्या आधी मी कशी जेवू, म्हणाली. घटापुढं बसल्या बसल्या ती घामानं भिजली, डोलायला लागली. मी ओळखलं. आत धावले, डब्यातून गुळाचा खडा काढला. परत येते तो चाळीतल्या बाया जमलेल्या, आणि आत्याच्या कपाळभर कुंकू.

"आई आली गं अंगात!" शेजारच्या मावशींनी मला पुढं ढकललं. "ईचार! लेकराचं ईचार, आईम्होरं लाजू नगं!"

तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही का? हे अंगात येणं नव्हे, एवढंच तर सांगायचं होतं. खडा मुठीतच होता. पण ती तिकोण्याची मुलगी डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि मी — मी पदर पसरला. विचारलं, "आई, माझ्या घरात सवत येणार का?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. जीभ जड झाली होती. "गूळ," म्हणाली. "गूळ... गूळ..."

"कूळ!" मावशी ओरडल्या. "कूळ वाढंल म्हणती आई! हिच्याच पोटी वाढंल! सवत कशाला आणायची?"

बाया एकेक करून पाया पडल्या, ओटी भरली. मी पडू दिलं. मला ते ऐकायला गोड लागत होतं — खोटं कशाला बोलू? गूळ पाघळून बोटांना चिकटला. बाया बाजूला झाल्या तोवर आत्याची दातखीळ बसली होती. मग मी तो तिच्या हिरड्यांवर चोळला, हाका मारल्या. दिवस मावळायच्या आत ती गेली. देवीनं आपलं माणूस नेलं, असं चाळ म्हणाली.

सवत आली नाही. मला मुलं झाली, नातवंडं झाली. देवघरात आत्याचा चांदीचा टाक आहे. कुळाची आई म्हणून सगळे हात जोडतात. मला न बोलता ओळखणारी तीच एक होती. आता घर भरलेलं असतं, आणि मी त्यात एकटी असते.

दर शुक्रवारी नातसून टाकापुढं गुळाचा खडा ठेवते. मी तिथं बसत नाही. आत्या कूळ म्हणाली नव्हती. गूळ म्हणाली होती, आणि मी ते ऐकलं होतं.