कुंकू लागलेला जोड

कामरेजच्या आमच्या कारखान्यात बॉयलरच्या नळ्या जोडतात. लोटूआप्पांनी हे काम आयुष्यभर हाताने केलं. मला वेल्डिंग त्यांनीच शिकवलं, शिव्या घालत. माझा संसार त्या शिव्यांवर उभा आहे, हे मी कुणालाही सांगेन.

मग आप्पांचा हात थरथर कापायला लागला. वेल्डिंग बंद झालं आणि गोदामात बसायची पाळी आली. एवढ्यात नवं मशीन आलं. दोन नळ्या तोंडाला तोंड लावून ठेवायच्या. चुंबकाच्या जोरावर आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, त्यांच्या कडेने गरगर फिरतो, तोंडं तापून मऊ होतात आणि मशीन त्यांना एकमेकींत दाबून टाकतं. कापऱ्या हाताचं त्याला वावडं नाही. नळीची तोंडं तेवढी लख्ख हवीत. आमच्या अकोल्याच्या इंजिनियर मयुरीताईंनी आप्पांसाठी शब्द टाकला. शेठ म्हणाले, पहिला जोड टिकला तर मशीन आप्पांचं, नाहीतर गोदाम.

पहिल्या जोडाच्या सकाळी आप्पांची बायको, सुंदराकाकू, घरून पूजेचं ताट घेऊन आल्या. आप्पांनी घासून ठेवलेल्या सगळ्या नळ्यांच्या तोंडांवरच त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू लावलं. आप्पांनी फडकं उचललं आणि परत ठेवलं. सवाष्णीने लावलेलं कुंकू पुसायचं कसं? आम्ही सगळे खानदेशीच, आमचीही जीभ उचलली नाही.

पहिला जोड तसाच झाला. मी नळी वाकवून पाहिली तर जोडाला भेग. आप्पा गोदामाकडे निघाले. मग मात्र मी ताईंना कुंकवाचं सांगून टाकलं. त्या कुणावर रागावल्या नाहीत, हसल्या तर मुळीच नाहीत. शेठकडून आणखी एका जोडाची संधी मागून घेतली. त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आप्पांना परत बोलावलं आणि फडकं हातात दिलं. “पूजा तुम्हनासाठे करी, पाइपसाठे नही. पुसी टाका.”

आप्पांनी पुसलं, तोंडं पुन्हा घासली. दुसरा जोड झाला. तो मी सगळा जोर लावून वाकवला. नळी पार दुमडली, तरी जोडावर ओरखडासुद्धा नाही. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

आप्पा त्या नळीकडे बघतच राहिले. मग ताईंना हळूच विचारलं, “म्हंजे मी आजून वेल्डर शे ना?”

“काका,” ताई म्हणाल्या, “पुढची नळी लावा.”