मंगल कार्यालयातली पळण्याची तपासणी

बेळगावातल्या एका कॉलेजात मी खेळ शिकवतो. पळताना कुणाच्या मांडीचा मागचा स्नायू धरला की लोक जे उपाय सांगतात ते ऐकून माझं डोकं फिरतं. एक म्हणतो तेल जिरवा, दुसरा म्हणतो शीर मोकळी करा. पोर पळतंय कसं, हे बघायची तसदी एकही शहाणा घेत नाही.

म्हणून गेल्या वर्षी पळणं तपासायला कुणी तज्ज्ञ येणार असं कळलं तेव्हा मी चक्क खूश झालो. गाढवपणाच तो. मैदानात प्रदर्शनाचे मांडव घातले होते, तर निवड शर्यतीच्या संयोजकांनी तपासणी ठेवली मंगल कार्यालयात. गुळगुळीत फरशी, भिंतीला टेकवलेल्या वऱ्हाडाच्या गाद्या, स्टेजवर कालच्या लग्नाचं थर्माकोल. पोरं पंधरा पावलं पळायची आणि गादीवर आपटायची. तज्ज्ञमहाशय लॅपटॉपात बघून मान डोलवायचे. मांडीचा हा स्नायू फाटतो तो बहुतेक वेळा पूर्ण वेगात, पुढं फेकलेला पाय जमिनीला टेकायच्या जरा आधी. तेव्हा तो ताणलेलाही असतो आणि जोरही लावत असतो. तेवढा वेग यायलाच तीस-चाळीस मीटर लागतात. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला. संध्याकाळी सगळ्यांना ‘उत्तम’ असा शेरा मारलेला कागद मिळाला.

त्यात वडगावच्या एका विणकराची मुलगी होती, आमच्यातली सगळ्यात वेगवान. पुढच्या रविवारी तिची शंभर मीटरची निवडीची शर्यत होती. पहिली आली तरच क्रीडा वसतिगृहात जागा. तिच्या मांडीचा तोच स्नायू आधी दोनदा धरला होता. महिनाभर मी तिला मोबाईलवर टिपून हळू गतीत बघत होतो. साठ मीटरनंतर दमली की तिची कंबर पुढं कलायची आणि पाऊल अंगाच्या फार पुढं पडायचं. मी तिला म्हटलं, ही शर्यत सोड, दोन महिन्यांत पळणं सुधारू.

“सर, त्यांनी उत्तम म्हणून कागद दिल्यात की.”

“लग्नाच्या हॉलातला कागद आहे गं तो.”

“असू दे. पुढच्या वर्षी माझं वय बसत न्हाय. मी पळतोच.”

शर्यतीच्या फॉर्मवर मी सही केली नाही. संयोजकांनी त्या कागदावर भागवून घेतलं. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

रविवारी मी साठ मीटरच्या खुणेपाशी उभा राहिलो. एका हातात बर्फाचा थर्मास, दुसऱ्या हातात मोबाईल, कॅमेरा चालू. हा व्हिडिओ त्या तज्ज्ञाला पाठवायचा, वर काय लिहायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ती आली. साठ मीटरला कंबर कलली, पाऊल पुढं पडलं, अगदी मी सांगितलं होतं तसं. आता, असं मी मनात म्हटलं.

काही झालं नाही. ती तशीच वेडीवाकडी पळत गेली आणि पहिली आली.

धापा टाकत ती थेट माझ्याकडं आली. “सर, बघा, काय न्हाय झालं पायाला!” मग थर्मास दिसला तसं तिनं वळून वडिलांना हाक मारली. “आप्पा, सर माझ्यासाठी बर्फ घेऊन थांबलते बघा उन्हात.”

आप्पा लगबगीनं आले. “लई उपकार झाले, सर,” म्हणाले, “लेकरावर एवढी माया कोण करतंय?” आणि त्यांनी हात जोडले.

पोरीचा पाय शाबूत राहिला याचं मला त्या क्षणी वाईट वाटत होतं. मीही हात जोडले.