आमच्या मॅडम आणि सगळ्या गावाची किल्ली

“बटनाला कसला पासवर्ड मागती ही बाई? दाबलं की लाईट लागती!”

चांदवडचे कांदा व्यापारी शेठ हे आपल्या दिवाणजीला हळूच म्हणाले, पण टेबलाखाली वायरी जोडत बसलेल्या मला ते ऐकू आलं, आणि अर्थात मॅडमनाही. मॅडमच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: पासवर्ड बदललेली आणि अजून न बदललेली. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला पहिल्या प्रकारात ओढून आणल्याशिवाय त्यांनी कुठल्याही जागेवरून पाय काढला नाही. “शेठ, हे ते बटन नव्हे,” त्या म्हणाल्या. “तुमचे सगळे कॉम्प्युटर या पेटीतून एकमेकांशी बोलतात. हिचंही नाव स्विचच. कारखान्यातून येतानाच हिला ‘अ‍ॅडमिन’ असा पासवर्ड देतात, आणि तो दिल्लीपासून तुमच्या शेजारच्या गाळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो.” शेजारच्या गाळ्यात शेठचे सख्खे भाऊ बसायचे. पासवर्ड लगेच बदलला गेला.

तेव्हा नाशकात गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडत होते, आणि आमचं छोटंसं ऑफिस दुकानांना, दवाखान्यांना कॉम्प्युटरचं जाळं बसवून द्यायचं. मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या. मोपेडच्या हुकाला एकच पिशवी, तिच्यात जेवणाचा डबा आणि स्विचला जोडायची चपटी निळी केबल सुखाने एकत्र नांदायची. त्यामुळे आम्ही जिथे जिथे गेलो तिथल्या यंत्रांना थोडा लसणाच्या चटणीचा वास लागलाच. दुकानातून आलेली वस्तू दुकानासारखीच ठेवणं त्यांना सहनच व्हायचं नाही. एका लग्नात नवरीच्या नव्या सुटकेसच्या कुलपावर तीन शून्यं दिसली, तशा त्या थेट स्टेजवर गेल्या, नंबर फिरवला आणि नवरीच्या कानात सांगितला. नवरी नंबर न सांगताच माहेरपणाला गेली, नवरदेवाचे कपडे सुटकेसमध्येच राहिले आणि तो लग्नाच्याच सुटात ऑफिसला गेला. “सुटकेस फुटली का? नाही ना?” मॅडम अभिमानाने विचारत होत्या.

देवाचं नाव, मुलाचं नाव, गाडीचा नंबर, यांतलं काही पासवर्ड म्हणून त्यांना चालायचं नाही. त्र्यंबकेश्वरला एक गुरुजी पूजांचं बुकिंग कॉम्प्युटरवर घ्यायला लागले होते. त्यांनी मोठ्या भक्तिभावाने ‘ओम नमः शिवाय’ ठेवला. मॅडम हात जोडून म्हणाल्या, “गुरुजी, हा तर बाहेरच्या नंदीलाही माहीत आहे.” गुरुजींनी बराच विचार केला, आम्हा सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि दुसरा ठेवला. काय ठेवला ते मॅडमनी विचारलं नाही. फक्त टाईप करताना गुरुजी लाजले होते, एवढं मी समोरच्या आरशात पाहिलं.

मी असं पाहायचे खूप, बोलायचे नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी वाक्य मनात जुळेपर्यंत समोरच्यांचा विषय बदललेला असायचा. घरचं तर ऑफिसात कुणालाच काही सांगत नसे. मॅडमनी माझं नावच ‘कॉन्व्हेंट’ ठेवलं होतं. “ए कॉन्व्हेंट, तोंड उघड गं. वारा लागून दात पडत नाहीत,” असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवायच्या.

मग गंगापूर रोडवर एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आलं. वर लॅब, खाली डॉक्टरांच्या मेव्हण्याचा सायबर कॅफे, आणि दोघांत मिळून एकच स्विच. मॅडमनी त्या पेटीत दोन वेगळी घरं करून मधे भिंत घातली, म्हणजे खालच्यांना वरचे रिपोर्ट दिसू नयेत. पण पासवर्ड ज्याला माहीत, तो ती भिंत बसल्या जागी काढू शकत होता. डॉक्टर म्हणाले, आहे तोच राहू दे, पोरांच्या लक्षात राहतो. मॅडम म्हणाल्या, “सगळ्या गावाकडे असते ती किल्ली नव्हे, देवळातली घंटा झाली. कुणीही यावं आणि वाजवावी.” डॉक्टरांनी आमच्या मालकांना फोन केला. मालकांनी मॅडमना बजावलं, डॉक्टर म्हणतील तसं करून सही आणा, नाहीतर उद्यापासून बाहेरची कामं बंद, ऑफिसात बसून फोन उचला.

मॅडम मालकांशी फोनवर इतक्या भांडल्या की दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाजच गेला. पुढे तो परत आला, पण पूर्वीचा खणखणीतपणा राहिला नाही. आता त्या मुलाकडे असतात. त्यांचा फोन आला की मी दुसरा कान बोटाने बंद करते, आणि तरी कधीकधी एखादा शब्द निसटतो.

त्या दिवशी लॅबमध्ये मात्र एकही शब्द फुटत नव्हता. त्यांनी हवेत किल्ली फिरवून दाखवली, खालच्या मजल्याकडे बोट केलं, कपाळावर हात मारला. डॉक्टर म्हणाले, “मिठाच्या पाण्याने गुळण्या करा.” त्यांनी डॉक्टरांच्याच पॅडवर ‘पासवर्ड बदला’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. डॉक्टरांनी कागदाची घडी करून खिशात घातली. “अहो, घरचीच पोरं आहेत सगळी. चला, मॅडम गप्प आहेत म्हणजे पटलं त्यांना,” असं म्हणत त्यांनी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करायला पेन उघडलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, दमून. एवढ्या दमलेल्या मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मी डॉक्टरांच्या समोरचा तो सहीचा कागद माझ्याकडे ओढला आणि त्यावर हात ठेवला. वाक्य जुळायची वाट पाहिली नाही.

“डॉक्टर, माझ्या आईचा रिपोर्ट तुमच्याच लॅबमधून यायचाय,” मी म्हणाले. “तो आधी आम्हाला कळू दे. खालच्या पोरांना नाही.”