एका सहीसाठी सोनपेठला

माझ्या एका कादंबरीवर मालिका निघाली आणि आयुष्यात पहिल्यांदा लिहिण्यातून जरा बरे पैसे हाती आले. ते मी विद्यापीठात नाटक शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीला द्यायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "तुझ्या पुस्तकांनी घरात साधा कूलर आला नाही. आता तरी येईल म्हटलं, तर निघालीस कर्णाचा अवतार होऊन!" परभणीच्या उन्हात हे बोलणं काही वावगं नव्हतं. पण हट्टाच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही.

पहिल्याच वर्षी निवडलेल्या मुलीचा सोनपेठहून फोन आला. अर्जावर पालकांची सही लागत होती. "बाबा सही करीनात, मॅडम. दोनच दिवस राहिलेत. तुमी बोलून बघता का?"

बाजाराच्या दिवशी मी एसटीने गेले. तिचे वडील ताडपत्री अंथरून गुरांची दावी विकत होते, ती शेजारी बसून वेटोळी लावत होती. त्यांनी मला बसायला पोतं दिलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, घरी नाटकं केली की आमी पोरीला रागावतो. तुमी तर त्याचे पैसे द्यायलात की!"

मला हसूही आलं आणि रागही. मग मी रंगभूमी, संस्कृती असलं बरंच काही बोलले. माझं मलाच कंटाळवाणं वाटायला लागलं. ते ऐकता ऐकता दावं ओढून गिऱ्हाइकाला दाखवत होते.

"लय चांगलं बोलता. पण हिचं पोट भरंल का?"

खोटं बोलवेना. "सांगता येत नाही," मी म्हणाले.

बोलणं तिथंच अडलं. मग मी आगाऊपणा केला. मुलीला म्हटलं, "ऊठ, निवडीच्या वेळी केलास तो प्रवेश बाबांना करून दाखव." आसपासचे दोघं-चौघं लगेच जवळ सरकले.

ती उठली नाही. "न्हाई, मॅडम. त्याला तालीम लागती. कुणीबी म्हणलं म्हणून बाजारात फुकट करायचं काम न्हाई ते."

माझा चेहरा खर्रकन उतरला. सही गेली, आणि ती मीच घालवली, असं वाटलं. वडील मात्र हातातलं दावं खाली ठेवून लेकीकडे बघत राहिले.

"फुकट करीत न्हाई म्हणती," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे धंदा हाय की हा. मला वाटलं, नाद हाय."

मी आयुष्यभर शाल-नारळावर गावोगाव भाषणं देत फिरले. हा फरक मला कुणी वेळेवर सांगितला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी धोतराला हात पुसले आणि सही केली. मला इतका आनंद झाला की गार झालेला चहा मी एका घोटात संपवला. कागद लेकीच्या हातात देताना त्यांनी विचारलं, "नाटकाला तिकीट असतंय का?"

"असतंय."

"मग माझं मी काढीन. बाप हाय म्हणून फुकट सोडू नको."